चौघींचा नकार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासातले काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला आणि मला दुसऱ्या महायुद्धातील चार अमेरिकन स्त्रिया आठवल्या.

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत. स्त्रियांच्या दलातही तोच भेद. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फोर्ट डेव्हन्स येथील लष्करी इस्पितळात कृष्णवर्णी स्त्रिया आल्या, त्या रोग्यांच्या शुश्रूषेचे शिक्षण मिळेल या आशेने. गोऱ्या स्त्रियांना तशी कामे मिळाली. यांच्या हाती मात्र फरशी पुसण्याचे फडके आले.

मार्च १९४५ मध्ये ५० हून अधिक जणींनी काम बंद केले. कामावर परतण्याचा हुकूम सुटला. युद्धकाळात हुकूम मोडला, तर देहदंडाचीही तरतूद होती. बहुतेक जणी परतल्या. मेरी ग्रीन, ॲना मॉरिसन, जॉनी मर्फी व ॲलिस यंग या चौघी मात्र ठाम राहिल्या. लष्करी न्यायालयाने त्यांना १ वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी फर्मावली. देशभर निषेध झाला. पुढच्याच महिन्यात, न्यायालयाची नेमणूक नियमाला धरून नव्हती असे कारण देऊन, शिक्षा रद्द करण्यात आली. भेदाबद्दल मात्र अवाक्षर नाही! सैन्यात समान वागणुकीचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काढला, तो १९४८ साली.

भगिनींनो, केरफरशी हे हलके काम नव्हे. आपण ते रोज करतो. जन्म पाहून काम वाटून देणे, हे हलके. ती रीत आपल्याही देशाला परकी नाही, म्हणून या चौघी मला आपल्याच वाटतात.