‘सोर्दिनोशिवाय’ म्हणजे नेमकं काय?

आज दोन इटालियन शब्दांबद्दल बोलू. बेटहोफनचा पियानोसाठीचा सोनाटा, ओपस २७ क्रमांक २, जगाला ‘मूनलाइट’ म्हणून ठाऊक आहे. (हे नाव त्याने दिलेलं नाही, त्याच्या पश्चात चिकटलं.) व्हिएन्नाच्या काप्पी या प्रकाशकाने १८०२ मध्ये तो छापला. पहिल्या भागाच्या माथ्यावर सूचना आहे, की हा सगळा भाग अत्यंत नाजूकपणे आणि ‘सेन्झा सोर्दिनो’, म्हणजे सोर्दिनोशिवाय, वाजवावा.

व्हायोलिनवाल्यांचा सोर्दिनो म्हणजे आवाज दबका करणारा चिमटा. त्यामुळे पियानो शिकणारे इथे हमखास गोंधळतात. पियानोत मात्र सोर्दिनो म्हणजे डॅम्पर. पट्टीवरून बोट उचललं की तारेवर बसून तिचा आवाज थांबवणारी ती गादी. डॅम्परशिवाय वाजवा, म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या ठेवा. आजच्या भाषेत, उजवं पेडल दाबून ठेवा. तेही संपूर्ण भागभर!

आजच्या पियानोवर हे करून पाहा. चार-पाच मात्रांत सुरांचा चिखल होतो. त्या काळच्या व्हिएन्नी पियानोचा आवाज हलका असे आणि लवकर विरे. सूर बदलेपर्यंत आधीचा बराचसा मावळलेला असे, मागे तंबोऱ्यासारखी आस तेवढी उरे. शिवाय तिथे बहुधा पायाचं पेडल नसे, गुडघ्याने वर दाबायची पट्टी असे. ‘पेडल’ हा शब्द न लिहिण्यामागे हेही कारण असावं, असं मला वाटतं.

पुढे वाद्यं भारदस्त झाली आणि सूचना अडचणीची ठरू लागली. बेटहोफनचा शिष्य चेर्नी यानेच १८४० च्या दशकात सल्ला दिला, की खर्जातल्या प्रत्येक सुराला पेडल नव्याने घ्यावं. वादक म्हणून हा सल्ला शहाणपणाचा आहे. माझी तक्रार नंतरच्या संपादकांबद्दल आहे. त्यांपैकी अनेकांनी मात्रेमात्रेला ‘पेड.’ आणि फुलीच्या खुणा घातल्या आणि त्या कोणाच्या, हे सांगितलंच नाही. विद्यार्थ्याला ते बेटहोफनचंच लिखाण वाटतं.

आता गंमत बघा. या सोनाट्याचं हस्तलिखित बॉनच्या बेटहोफन-हाउसमध्ये आहे, पण त्याचं पहिलंच पान हरवलंय. म्हणजे माथ्यावरच्या त्या सूचनेसाठी आपला मुख्य आधार १८०२ ची छापील प्रतच.

लवकरच बेटहोफन स्वतःच ‘पेड.’ लिहू लागला. ‘वाल्डस्टाइन’ सोनाट्याच्या हस्तलिखितात तर त्याने खुलासाच केलाय: ‘पेड.’ असेल तिथे खर्ज आणि तार, दोन्हीकडचे डॅम्पर उचलायचे, आणि शून्याची खूण आली की खाली सोडायचे. ‘दोन्हीकडचे’ का? कारण काही पियानोंवर खर्जाचे आणि तारसप्तकाचे डॅम्पर वेगवेगळे उचलता येत. त्याच सोनाट्याच्या शेवटच्या भागात मेजर-मायनर बदलतं, तरी पेडल सुटत नाही. म्हणजे सुरांची ही सरमिसळ नजरचूक नव्हती, त्याला ती हवी होती.

तुमच्याकडे ‘मूनलाइट’ची प्रत असेल तर पहिलं पान काढा. ‘सेन्झा सोर्दिनो’ आहे का, आणि त्याखाली पेडलच्या खुणा किती, ते मोजा.