आपले हत्यार, आपला हुकूम

गिरणीतला साचा अडला की विणकराला जॉबरची वाट पाहावी लागे. साचा जुळविण्याचे ज्ञान ज्याच्या हाती, सत्ता त्याची. संगणकाच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण आज मी याच दृष्टीने आपल्यापुढे मांडणार आहे.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. तीत माणसाचे लेखी हुकूम यंत्राकडे पोचविणारा जो मध्यस्थ, त्याचे नाव शेल. नेहमीचे हुकूम एका फायलीत ओळीने लिहून ठेवले, म्हणजे झाली शेल-स्क्रिप्ट. १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आला. एका प्रोग्रॅमचे उत्पन्न थेट दुसऱ्याच्या ओंजळीत पडू लागले.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच जाळ्यावरून ई-मेल धाडला होता. पुढे १९७९ साली रँड संस्थेत ब्रूस बोर्डन यांनी एम्. एच्. रचला. त्यात प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल. वाचणे, लावणे, धाडणे हे शेलचे सुटे हुकूम. १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी ‘मट’ लिहिला. निव्वळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारा हा प्रोग्रॅम आपली सारी वहिवाट एका साध्या फायलीतून घेतो. त्या फायलीतील ‘सोर्स’ या हुकुमापुढे स्क्रिप्टचे नाव लिहून शेवटी पाइपची उभी रेघ दिली, की मट ती स्क्रिप्ट चालवितो आणि तिने छापलेल्या ओळी आपले नियम मानतो. घरच्या यंत्रावर एक पत्ता, कचेरीत दुसरा, हे स्क्रिप्टच ठरविते. परवलीचा शब्दही उघड्यावर न ठेवता कुलुपातून काढून आणता येतो.

यात धोका नाही काय? आहे. स्क्रिप्टला ती चालविणाऱ्याचे सारे अधिकार मिळतात. न वाचता उसनी घेतलेली स्क्रिप्ट म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठाच! परंतु ती वाचता येते, बदलता येते, हीच यातली मोठी गोष्ट. मटचा मूळ मजकूरही जी. एन्. यू. परवान्याखाली सर्वांना खुला आहे. उलट कंपन्यांच्या तयार खिडक्यांत नियम कंपनी बदलते आणि आपण सकाळी उठून पाहतो.

सोय कोणाला नको? पण करार वाचल्याखेरीज सही करू नका, असे आम्ही कामगारांना सांगत आलो. हत्याराचे नियमही तसेच वाचावेत. आणि जेथे ते वाचूच दिले जात नाहीत, तेथे ‘का?’ असे विचारावे.