कल्याणीचा चित्ता आणि मसाई माराची सफर

बसवकल्याणच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच दुकानाच्या ओट्यावर ऐकू येतात आणि 'सफर' हा शब्द तेथे कोणालाच परका नाही. मूळचा अरबी असलेला हा शब्द समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेला आणि स्वाहिलीत 'सफारी' झाला. तेथे त्याचा मूळ अर्थ साधा प्रवास एवढाच आहे. उघड्या छताची मोटार आणि सिंह त्याला पुढे चिकटले.

या गावाचे आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशाशी आणखी एक जुने नाते आहे. कल्याणी ही चालुक्यांची राजधानी असताना, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिसरा सोमेश्वर या राजाने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाककृतींपासून मासेमारीपर्यंत अनेक विषय सामावणाऱ्या या ग्रंथात मृगयेचे विस्तृत वर्णन येते. पाळीव चित्ता हरणांवर सोडण्याच्या प्रथेच्या भारतातील सर्वांत जुन्या लेखी नोंदींत त्याची गणना होते. पुढे दख्खनच्या माळावरून चित्ता नाहीसा झाला. १९१८ ते १९४५ या काळात शिकारीच्या हौसेसाठी भारतीय संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्यांत कोल्हापूर संस्थान आघाडीवर होते. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. कुनो राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते आणले गेले, तेही अर्थात आफ्रिकेचेच. त्यामुळे कल्याणीच्या राजाला घरच्या माळावर दिसणारे दृश्य, मोकळ्या गवतात हरणामागे सुटलेला चित्ता, आज पाहायचे तर प्रवासाची आखणी बहुधा केनिया किंवा टांझानियापर्यंत करावी लागते.

ठिकाणाची निवड करताना नावांच्या मोहात पडू नये. दक्षिण आफ्रिकेचे क्रुगर राष्ट्रीय उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे आहे. तेथे डांबरी रस्ते आहेत आणि स्वतःची भाड्याची मोटार चालवत फिरता येते. परंतु बराचसा प्रदेश झुडपांचा असल्याने चित्ता दिसणे नशिबावर अवलंबून असते. चित्त्यासाठी उघडे गवत हवे. ते टांझानियाच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात आणि त्याला लागून असलेल्या केनियाच्या मसाई मारात आहे. मसाई मारा हे काटेकोरपणे राष्ट्रीय उद्यान नव्हे, स्थानिक काउंटी प्रशासनाच्या अखत्यारीतील राखीव क्षेत्र आहे. वन्य प्राणी ही सीमा मानत नाहीत. प्रवाशाला मात्र दोन देशांची कागदपत्रे आणि दोन वेगळी शुल्के सांभाळावी लागतात.

यानंतर प्रश्न येतो ऋतूचा. विल्डबीस्टचे कळप जानेवारी ते मार्च या काळात दक्षिण सेरेंगेटीत वासरांना जन्म देतात. मारा नदी ओलांडण्याचे प्रसिद्ध दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसते. मार्चअखेर ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. येथेच भारतीय कुटुंबाची अडचण होते, कारण मुलांच्या उन्हाळी सुट्या नेमक्या त्या चिखलात येतात. ऑक्टोबरमधील दसऱ्याची सुटी त्या दृष्टीने सोयीची, पण ती महाग पडते. मसाई माराचे प्रवेशशुल्क २०२४ पासून परदेशी प्रौढ व्यक्तीस जानेवारी ते जूनमध्ये दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर झाले. चौघा प्रौढांचे तीन दिवस म्हणजे केवळ फाटकावर २,४०० डॉलर. हे तिकीट बारा तासांपुरते असते आणि परतीच्या दिवशी निघायला उशीर झाल्यास आणखी एका दिवसाचे शुल्क पडू शकते. नदी ओलांडण्याच्या दृश्याचा हट्ट नसेल, तर फेब्रुवारी किंवा जून हे महिने खिशाला आणि डोळ्यांना दोन्हींना बरे.

गर्दीचा मुद्दा केवळ प्रवाशाच्या गैरसोयीचा नाही. चित्ता प्रामुख्याने दिवसा शिकार करतो. म्हणजे पर्यटकांच्या मोटारी जेव्हा फिरतात तेव्हाच. मसाई मारात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागातील चित्त्याच्या माद्यांची सरासरी ०.२ पिल्लेच स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचल्याचे आढळले. कमी वर्दळीच्या भागात हाच आकडा २.३ होता. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा अधिक गाड्या नकोत असा तेथे नियम आहे, पण गाडीत बसलेल्यांनीच 'अजून जवळ घ्या' म्हणून घोशा लावला तर चालक बक्षिसीच्या आशेने तो मोडतो. म्हणून आरक्षण करतानाच राखीव क्षेत्राच्या कडेच्या सामूहिक संवर्धन क्षेत्रांची चौकशी करावी. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेल्या या पट्ट्यांत खाटांची आणि गाड्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. मुक्काम महाग असतो. शांतता मिळते, आणि भाड्याचे उत्पन्न जमीनमालक कुटुंबांना जाते.

सहा दिवसांत तीन उद्याने दाखवणाऱ्या योजनांपासून सावध राहावे. नैरोबी ते मारा हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता पाच-सहा तास घेतो. अशा दोन-तीन मजला झाल्या की निम्मी सफर मोटारीच्या खिडकीतून खड्डे पाहण्यात जाते. एकाच ठिकाणी किमान तीन रात्री, हे प्रमाण ठेवावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानेही जाता येते, मात्र त्यात साधारण १५ किलोच सामान आणि तेही मऊ पिशवीत चालते. लग्नात मिळालेली टणक सूटकेस घरीच ठेवावी. विषुववृत्त जवळ असले तरी उंचीमुळे पहाट बोचरी असते, तेव्हा स्वेटर हवाच. गडद निळे आणि काळे कपडे त्सेत्से माशीला आकर्षित करतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या कापडी पिशवीत बांधाव्यात. शाकाहारी मंडळींनी फार धास्ती घेऊ नये: केनियात पोळीला चपातीच म्हणतात.

निघण्यापूर्वी घरच्या माळावर सराव करून पाहणे उत्तम. बीदर जिल्ह्याच्या माळरानांवर काळविटांचे कळप दिसतात आणि कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोली अभयारण्यात काळविटांसह लांडगा, तरस आणि खोकड आहेत. दुर्बीण स्थिर धरणे, वाऱ्याची दिशा ओळखणे आणि तासभर न बोलता बसणे हे तेथे फुकट शिकता येते.

कागदपत्रांत पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना लागू केला आहे. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीकडे. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, फक्त अधिकृत केंद्रांत मिळते. बसवकल्याणहून हैदराबादला जाणाऱ्यांसाठी नारायणगुडा येथील केंद्र, तर गोव्यात मुरगाव बंदर आरोग्य संस्था सोयीची. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि ते आता आजन्म चालते. अंड्याची ॲलर्जी असणारे, गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिवतापाच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारावे. क्रुगरला जाणाऱ्यांनीही, वाटेत नैरोबी किंवा आदिस अबाबाचा थांबा असल्यास, हा विषय गृहीत धरू नये. लसीचे पिवळे कार्ड जाताना लागते त्याहून अधिक येताना लागते: केनियाहून परतणाऱ्याकडे ते नसल्यास भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवले जाऊ शकते. म्हणून मूळ कार्ड पासपोर्टातच टाचून ठेवावे, सूटकेसमध्ये नव्हे.