एका दिवसात दोन बॅच

आजचा एपिसोड सुरू होतो अमेरिकेतल्या एका गॅरेजमध्ये आणि संपतो आमच्या मालवणात, माडाखाली.

तीन वर्षांपूर्वी मी ऑनसाइट होतो. टीममधला एक जण घरी बिअर बनवायचा. एका शनिवारी त्याला दोन बॅच काढायच्या होत्या आणि मी होतो हमाल. एका बॅचला पाच-सहा तास लागतात. बार्लीचं भरडलेलं माल्ट साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे स्टार्चची साखर होते. ते पाणी गाळून, हॉप्स घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट टाकायचं. युक्ती एकच : पहिली बॅच उकळत असताना दुसरीचं माल्ट भिजवायचं. थोडक्यात, पाइपलाइनिंग!

रात्री आजोबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, "ह्यां तर आमचो माड रोज करी!"

आम्ही भंडारी. पणजोबा माडी काढायचे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

माडाची पोय बांधायची, टोक छाटायचं आणि खाली मडकं लावायचं. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायचा, दुपारी पुन्हा छाटायला चढायचं. म्हणजे दिवसाला दोन बॅच. रसात साखर तयारच असते, त्यामुळे ना माल्ट, ना उकळणं. हवेतलं आणि मडक्यात उरलेलं यीस्ट लगेच कामाला लागतं. फक्त माणसाला सुट्टी नाही. "एक दिस चुकलो, तर माड रुसता," आजोबा म्हणाले.

ही कला जुनी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यात छापलं गेलं. माडाची 'सुरा' आणि ती गाळून केलेली दारू, दोन्हींचं वर्णन त्यात आहे.

मग आला 1878 चा मुंबई अबकारी कायदा. मालवण तेव्हा ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं. परवान्याशिवाय माडी काढणं, दारू गाळणं गुन्हा ठरलं. वर माडी काढायच्या प्रत्येक झाडावर कर! माड स्वतःच्या परसातला, पण पोय छाटायची परवानगी सरकारची.

पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि पणजोबांनी कोयता कायमचा खुंटीला लावला. आजोबा गिरणीत कामाला मुंबईला गेले. नातेवाइकांत लग्नाची बोलणी व्हायची तेव्हा "वडील काय करायचे?" याला ठरलेलं उत्तर असायचं : "शेती."

आता गंमत बघा. अमेरिकेत घरी बिअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी सही केली 1978 मध्ये. आपल्या अबकारी कायद्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी. तिथे माझ्या मित्राचा तो छंद, फोटो टाकण्यासारखा. आमच्या घरात तेच काम तीन पिढ्या लपवलं गेलं.

दारूनं घरं मोडतात, हे मी किनाऱ्यावरच पाहिलंय, त्यामुळे हा एपिसोड माडीची जाहिरात नाही. आणि महाराष्ट्रात आजही यासाठी परवाना लागतो, तेव्हा ऐकून लगेच बादली काढू नका! पण दिवसातून तीनदा माडावर चढणाऱ्या माणसाच्या कामात लाजण्यासारखं काही नव्हतं.

तुमच्या घरात असं न बोललं गेलेलं काम असेल, तर आजी-आजोबांना विचारा. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. मी ठेवला नव्हता. आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये.