कानशीखालचा पंखा

माझ्या टेबलावर 47 मिलिमीटर व्यासाचा, दोन पात्यांचा धातूचा पंखा पडून आहे. रेडिओ-कंट्रोलवर धावणाऱ्या छोट्या बोटीचा. गेल्या महिन्यात त्याचं एक पातं मी जास्त घासलं आणि तो वाया गेला. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, आगबोटीवर खलाशी. ते प्रोपेलरला ‘पंखा’ म्हणत. मीही तेच म्हणतो.

हा छंद पोरखेळ वाटतो खरा. पण पंख्याचा इतिहासच मुळी खेळण्यातल्या बोटीपासून सुरू होतो. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा लंडनजवळच्या हेंडनचा शेतकरी. 1835 मध्ये त्याने स्प्रिंगवर चालणारी छोटी बोट तळ्यात सोडली. 1836 मध्ये पेटंट घेतलं आणि मोठी बोट बांधली. तिचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा. पुढच्या वर्षी पॅडिंग्टन कालव्यात तो कशावर तरी आपटला, अर्धा तुटला, आणि बोट आधीपेक्षा वेगाने धावू लागली! पेटंट स्मिथचं, दुरुस्ती मात्र कालव्यातल्या अडथळ्याने केली.

साठेक वर्षांनी चार्ल्स पार्सन्सचीही तीच गत. ‘टर्बिनिया’चं टर्बाइन जोरात फिरे, पण 1894 च्या चाचण्यांत बोट अपेक्षेइतकी धावेना. अति वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊन पोकळ्या बनतात. मग पातं पाण्याऐवजी पोकळीत फिरतं. हे डोळ्यांनी पाहायला पार्सन्सने 1895 मध्ये तांब्याची छोटी टाकी केली. तिच्यात पंखा होता फक्त दोन इंचांचा, म्हणजे जवळपास माझ्या टेबलावरच्या पंख्याएवढाच. मग त्याने बोटीला तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. 1897 मध्ये स्पिटहेडला राणीच्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ ताशी 34 नॉटने धावली आणि आरमाराच्या गस्ती बोटींना ती काही सापडली नाही.

शर्यतीच्या छोट्या बोटींचा पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून मिनिटाला 20 हजारांहून जास्त फेरे घेतो. ओतीव पंखा साच्यातून जाड, बोथट निघतो. आधी पुढची धार पातळ करायची. मग मागची कड पक्कडीने किंचित वाकवायची, चमच्याच्या ओठासारखी. त्याने पाण्यावरची पकड वाढते. शेवटी तोल. पंखा सळईत ओवून सळई दोन ब्लेडच्या धारांवर ठेवायची. जड पातं आपोआप खाली येतं. त्याची पाठ घासायची, पुन्हा ठेवायचं, पुन्हा घासायचं. माझी चूक इथेच होते. एक हलकं झालं की दुसरं, मग परत पहिलं. शेवटी दोन्ही कागदासारखी.

याहून मोठी चूक आधी केली होती. पहिला पंखा मी गॅलरीत कोरडाच घासला, शेजारी मुलगी बसलेली. यातले बरेच पंखे बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे असतात. ही धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार जडू शकतो. पाकिटावर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही.

आता पाण्याखाली धरूनच घासतो, मास्क लावून, मुलगी घरात नसताना. आज नवा पंखा काढलाय. एक पातं अजून जड आहे, पण आजच्यापुरतं पुरे.