पिवळ्या रंगाची साक्ष

सोयाबीन कच्चे का मानवत नाही, या प्रश्नाचा इतिहास उंदरांपासून सुरू होतो. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी उंदरांना कच्चे सोयाबीन दिले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. शिजवलेल्या सोयाबीनवर मात्र ते नीट वाढले. मग कच्च्या दाण्यात आडवे येत होते ते काय?

उत्तराला जवळजवळ तीन दशके लागली. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन अन्नातली प्रथिने तोडते. हे प्रथिन त्या ट्रिप्सिनलाच जखडून ठेवते. १९४८ मध्ये कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांचे स्वादुपिंड मोठे झालेले आढळले.

पण हा निरोधक किती आहे, हे मोजायचे कसे? कुनिट्झ यांच्या पद्धतीत ट्रिप्सिनला दुधातले केसीन तोडायला देत, न पचलेला भाग आम्लाने खाली बसवत आणि उरलेल्या द्रवातले तुकडे अतिनील प्रकाशात मोजत. १९६१ साली बर्नार्ड एर्लांगर आणि सहकाऱ्यांनी सोपी वाट काढली. त्यांनी बापना नावाचा कृत्रिम पदार्थ वापरला. ट्रिप्सिनने त्यातला एक बंध तोडला की पॅरा-नायट्रोॲनिलिन सुटते आणि द्रव पिवळा होतो.

१९६९ साली काकडे, सायमन्स आणि लीनर यांनी हीच पद्धत सोयाबीनसाठी पारखून घेतली. ट्रिप्सिनमध्ये सोयाबीनचा अर्क मिसळायचा, बापना घालून ३७ अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवायचे, ॲसेटिक आम्लाने क्रिया थांबवायची आणि ४१० नॅनोमीटरवर रंग मोजायचा. पिवळेपणा जितका कमी, तितका निरोधक जास्त.

मोजमाप हाती आल्यावर जुना समजही तपासता आला. १९७३ साली काकडे आणि सहकाऱ्यांनी कच्च्या अर्कातून निरोधक काढून टाकून तो उंदरांना दिला. वाढ खुंटण्यातला सुमारे ४० टक्के वाटाच निरोधकाचा निघाला. उरलेला दोष त्यांनी न शिजलेल्या सोया प्रथिनावर ठेवला, कारण ते मुळातच ट्रिप्सिनला सहज तुटत नाही. म्हणजे शिजवण्याने दोन्ही कामे साधतात.

मात्र आच अति झाली तर लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल वाया जाते. कोंबड्यांचे खाद्य असो वा तान्ह्या बाळाचा सोया आहार, आच किती द्यायची हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. आच कमी पडली का, हे परीक्षानळीतला पिवळा रंग सांगतो. ती जास्त झाली का, हे मात्र त्याला सांगता येत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.