शय्येपाशींचें ज्ञान

वैद्यकाच्या इतिहासांत मोठेपणा मिळतो तो शोध लावणाऱ्यांस व शस्त्रक्रिया करणाऱ्यांस; रोग्याच्या उशाशीं रात्र जागून काढणाऱ्या परिचारिकेचें नांव त्यांत क्वचितच येतें. परंतु एक प्रकरण असें आहे कीं, तिला वगळून तें लिहितांच यावयाचें नाहीं. तें म्हणजे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेंतील वेदनेच्या उपचाराचें.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील मोठ्या रुग्णालयांत साधारण रीत अशी होती कीं, वेदना असह्य होऊन रोगी विनवूं लागला म्हणजे त्याला मॉर्फिन टोचावयाचें. त्याला औषधाची चटक लागेल, ही धास्ती त्यामागें असे. हुकूम डॉक्टरचा, परंतु दोन मात्रांमधील दीर्घ तास रोग्याबरोबर कंठावयाचे ते परिचारिकेनें. तिला जें दिसे, तें हुकूम देणाऱ्याला दिसत नसे. आणि हुकूम बदलण्याचा अधिकार तिला नसे.

मरणासन्न गरिबांसाठीं १८९३ सालीं लंडनमध्यें निघालेल्या सेंट ल्यूक या संस्थेंत मात्र निराळी वहिवाट पडली होती. तेथील परिचारिका वेदना परतण्यापूर्वींच, ठराविक तासांनीं, मॉर्फिन तोंडावाटे देत. रोगी शुद्धीवर राही, बोलेचाले. एवढें सोपें तत्त्व. पण मोठ्या रुग्णालयांनीं तें उचललें नाहीं.

सिसिली सॉण्डर्स या बाई १९१८ सालीं जन्मल्या. सेंट टॉमस रुग्णालयांतील नाइटिंगेल-शाळेंत त्यांनीं परिचारिकेचें शिक्षण घेतलें. पाठीच्या विकारामुळें तें काम सुटलें, तेव्हां त्या रुग्णालयांतील समाजसेविका झाल्या. त्या कामांत डेव्हिड तास्मा नांवाचा, कर्करोगानें मरणोन्मुख झालेला एक पोलिश ज्यू त्यांना भेटला. परदेशांत एकाकी पडलेल्या त्या माणसाशीं बोलतां बोलतां अशा रोग्यांसाठीं एक घर असावें, ही कल्पना उदयास आली. १९४८ सालीं तो वारला, तेव्हां त्या भावी घराच्या खिडकीसाठीं म्हणून पांचशें पौंड ठेवून गेला.

पुढें सॉण्डर्सबाई सेंट ल्यूकमध्यें विनावेतन शुश्रूषेला जाऊं लागल्या व तेथील वहिवाट त्यांनीं प्रत्यक्ष पाहिली. नॉर्मन बॅरेट या शस्त्रवैद्यांनीं त्यांना सल्ला दिला तो असा कीं, तुमचें म्हणणें ऐकलें जावें असें वाटत असेल तर आधीं डॉक्टर व्हा. त्याप्रमाणें चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९५७ सालीं, त्यांनीं पदवी मिळविली. पुढील वर्षापासून लंडनमधील सेंट जोसेफ या संस्थेंत धर्मभगिनींबरोबर काम करून त्यांनीं नियमित मात्रेची पद्धत रूढ केली व शेंकडों रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर हें त्यांचें घर उघडलें. तेथें डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका व धर्मोपदेशक एकाच रोग्याचा एकत्र विचार करीत. कारण वेदना केवळ देहाची नसते, ती मनाची, संसाराची व श्रद्धेचीहि असते, हा त्यांचा सिद्धांत.

या कथेंत अभिमानाबरोबर विषादहि आहे. परिचारिकांचें ज्ञान मान्य होण्यासाठीं एका परिचारिकेला डॉक्टर व्हावें लागलें. ज्ञान शय्येपाशीं होतें, अधिकार दुसरीकडे. त्या अंतराची किंमत रोग्यांनीं मोजली. मात्रा किती व दुखण्याचें मूळ कोठें, हें डॉक्टरनेंच ठरवावें हें खरें. परंतु ती मात्रा पुरली कीं नाहीं, याची साक्ष परिचारिकाच देऊं शकते.

आपल्याकडे मुंबईस परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. अखेरच्या अवस्थेंतील रोग्यांसाठीं वांद्र्याचें शांति-आवेदना सदन निघावयास १९८६ साल उजाडलें. त्याच्या आदल्याच वर्षीं झालेल्या अमली पदार्थांच्या कायद्यानें मॉर्फिन मिळणें दुर्घट केलें. ती अडचण सैल करणारी दुरुस्ती २०१४ सालीं झाली. म्हणजे अंतर केवळ डॉक्टर व परिचारिका यांच्यांतच पडतें असें नाहीं. तें कायदा करणारा व वेदना भोगणारा यांच्यांतहि पडतें. तें मिटविण्याचा उपाय मात्र एकच आहे: जो शय्येपाशीं बसतो, त्याचें ऐकून घेणें.